सहीत अडकलेला हॅलो

मला तोंडाने फॅक्सचा आवाज काढता येतो. आधी एक तुटक टूं, जरा थांबून पुन्हा टूं. मग पलीकडून लांब, एकसुरी शीळ. मग दोघांची मिळून खरखर आणि चिरचिर, आणि शेवटी एकदम शांत. नातवंडांच्या मित्रमंडळींत माझी एवढीच काय ती कीर्ती आहे. परवा नातीच्या एका मैत्रिणीने विचारलं, "आजी, हा कोणता पक्षी?" मी म्हटलं, "हा फक्त टेलिफोनच्या तारेवर बसायचा. एक जोडी आमच्या घरी होती. आता दिसत नाही."

ती पोरगी खरंच फोन काढून त्या पक्ष्याचा फोटो शोधायला लागली, तेव्हा मला तिची दया आली. तिच्या वयाच्या दुपटीची होते तेव्हा मी त्याहून मोठा मूर्खपणा केला होता.

तेव्हा नंदनवन वस्तीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत चार शिलाई मशिनी होत्या, सगळ्या पायाच्या. एकीवर मी, बाकी तीनवर गल्लीतल्याच तिघी बाया. कळमेश्वरला खायच्या वस्तूंचा एक कारखाना होता, त्याच्या कामगारांचे अ‍ॅप्रन आणि टोप्या आम्ही शिवायचो. वर्षभराचं काम एका ऑर्डरमध्ये मिळायचं. ती ऑर्डर होती म्हणून चार मशिनी होत्या. ती गेली असती तर उरले असते गल्लीतले ब्लाउज आणि परकर, आणि तेवढ्याला माझी एकटीची मशीन पुरली असती. हे त्या तिघींनाही माहीत होतं आणि मलाही. त्यामुळे दरवर्षी ऑर्डरचे दिवस आले की मागच्या खोलीत गप्पा कमी व्हायच्या आणि मशिनींचा आवाज वाढायचा.

कोटेशन घेऊन मी बसने कळमेश्वरला जायचे, जुन्या साहेबांसमोर ठेवायचे, चहा प्यायचे आणि ऑर्डर घेऊन परत यायचे. त्या वर्षी खरेदीला नवीन साहेब आले. त्यांनी माझा कागद हातात घेतलाच नाही.

"मॅडम, आता सगळं फॅक्सवर. कोटेशन फॅक्सवर, ऑर्डर फॅक्सवर. सोमवारी पाचच्या आत. ज्या पार्टीकडे स्वतःचा फॅक्स नाही तिचं नाव मी यादीत ठेवत नाही."

"एसटीडी बूथवरून पाठवला तर, साहेब?"

"वर बूथचं नाव छापून येतं. मी ऑर्डर कुठे पाठवू? पानठेल्यावर?"

"तसं नाही," मी म्हटलं, "आमच्याकडे आहे ना फॅक्स."

नव्हता. आमच्याकडे साधा मिक्सरसुद्धा शेजारून यायचा. पण त्या काळची मी अशीच होते. आधी हो म्हणायचं आणि मग बसमध्ये बसून आपण कशाला हो म्हटलं याचा विचार करायचा.

घरी आल्यावर यांना सांगितलं. हे सरकारी कचेरीत नोकरीला, रागवायचं झालं तरी चप्पल काढून, हातपाय धुऊन मग रागवणारे. "हो म्हणून आली तू?" "हाव." "मंग घे आता."

सीताबर्डीच्या बाजारातल्या एका दुकानदाराने आमची अडचण ऐकली आणि म्हणाला, फॅक्स मशीन काहून घेता, कॉम्प्युटर घ्या, त्याच्या पोटातच फॅक्स येते. हे ऐकून मी अशी मान हलवली जशी मला ते आधीपासून ठाऊक होतं. कारण मी आदल्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. कोर्समध्ये मी कॉम्प्युटर चालू करायला, बंद करायला आणि त्यावर रंगीत चौकोन काढायला शिकले होते. त्याहून मोठा परिणाम जिभेवर झाला होता. कोर्स झाल्यापासून मी घरातसुद्धा 'मले, तुले' सोडून 'मला, तुला' बोलत होते. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "काहून वं, त्या कम्प्युटरले 'मले' समजत नाही का?"

कॉम्प्युटर आला. दुकानदाराच्या माणसाने त्याच्या आत एक हिरवी पट्टी बसवली. तिला मोडेम म्हणायचं. आमच्या घरी फोन होता तो पुढच्या खोलीत, सासूबाईंच्या पलंगाशेजारी. तिथूनच फाटा काढून त्याने मधल्या खोलीत मोडेमला तार दिली. म्हणजे सासूबाई आणि मोडेम एकाच तारेवर. एका चुलीवर दोन जावा बसवल्या की पुढे काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं, पण त्या माणसाचं लग्न झालं नसावं.

मग त्याने फॅक्सचं सॉफ्टवेअर टाकलं. ते चालू होताच पडद्यावर प्रश्न आला की तुम्ही कोण, पलीकडच्या मशीनला काय नाव सांगू. मी माणसाला बाजूला सारून स्वतः टाइप केलं. माझं नाव, यांचं नाव, आडनाव, शिक्षण, आणि पुढे संचालिका, असं सगळं इंग्रजीत. जागा होती वीसेक अक्षरांची. पुढे कितीतरी महिने माझ्या फॅक्सच्या डोक्यावर माझं नाव आणि यांचं अर्धं नाव एवढंच छापलं जायचं. यांनी ते पाहिलं तेव्हा म्हणाले, "अर्ध्यातच सोडलं मले."

माणूस गेला. मी कोटेशन आधीच तयार ठेवलं होतं. छापील लेटरहेडवर, वळणदार अक्षरात, खाली सही आणि शिक्का. ते हातात घेऊन मी कॉम्प्युटरभोवती एक प्रदक्षिणा घातली. कागद आत घालायला फट कुठेच दिसेना. पुढच्या बाजूला एक बारीक फट होती, तिच्यात फ्लॉपी जायची. मी कोटेशनची घडी घालून ती त्या फटीला लावून पाहिली, हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. यांना तर नाहीच. मग दुकानदाराला फोन केला.

"मॅडम, त्याच्यात कागद नाही जात. कॉम्प्युटरवर जे टाइप कराल तेच जाते. छापायला सांगा, आणि प्रिंटरच्या जागी फॅक्स निवडा."

"आणि सही?"

"सहीले स्कॅनर लागते."

स्कॅनर आमच्या आवाक्याबाहेरचा. हे कळल्यावर त्यालाच दया आली. म्हणाला, "एक जुगाड हाये. कोऱ्या कागदावर जाड पेनानं सही करा. बूथवर जाऊन ती आपल्याच घरच्या नंबरवर फॅक्स करा. कॉम्प्युटर ती उचलते आणि चित्र म्हणून ठेवते. मग ते चित्र कापून कोणत्याही कागदाखाली चिकटवा. आयुष्यभर चालते."

हे मला पटलं, कारण चित्राची गोष्ट मला शिवणकामातून कळली. फॅक्सला अक्षर समजत नाही. तुम्ही 'अ' लिहा की गाय काढा, त्याच्या दृष्टीने पानभर बारीक ठिपके असतात. काही काळे, काही पांढरे. पानाची एकेक आडवी ओळ घेऊन तो पलीकडच्याला सांगत जातो, इतके पांढरे, मग इतके काळे, मग पुन्हा इतके पांढरे. लग्नाआधी मी आणि माझी मैत्रीण दोसुती कापडावरच्या भरतकामाचे नमुने एकमेकींना असेच सांगायचो. पाच घरं सोड, दोन भर, तीन सोड. पोपट कुणी बघायचं नाही, फक्त घरं मोजायची. शेवटची ओळ झाली की पोपट झालेला असायचा. फॅक्समध्ये मोजणारी मोडेम असते, आणि तिला कधी उचल, कधी बोल, कधी थांब हे सांगणारं सॉफ्टवेअर असतं. एक हुकूम सोडणारी, एक तोंड चालवणारी. हे मला त्याच दिवशी कळलं असं मात्र समजू नका. त्या दिवशी मी फक्त "अच्छा, अच्छा" म्हटलं.

आता अडचण राहिली सासूबाईंची.

आमच्याकडे फोन यायला इतकी वर्षं वाट पाहावी लागली होती की तो आला तेव्हा सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं होतं. वाजणारा फोन म्हणजे त्यांच्या लेखी दारात उभा राहिलेला माणूस. त्याला ताटकळत ठेवायचं नाही. दुसरी घंटी वाजायच्या आत त्यांच्या हातात रिसीव्हर असायचा, मग हात पिठात असोत की नसोत. आणि एकदा उचलला की स्वतःहून ठेवायचा नाही. "ठेवू का?" विचारायचं, समोरच्याने "हो, ठेवा" म्हणायचं, "बरं, ठेवते मंग" म्हणायचं, आणि तरीही क्षणभर कान लावून राहायचं, न जाणो काही राहिलं असेल तर. चुकीचा नंबर लागलेल्या माणसालाही त्यांनी एकदा विचारूनच ठेवला होता.

मोडेम चौथ्या घंटीला उचलणार होती. सासूबाई दुसरीला. म्हणून मी हुशारी केली आणि मोडेमला पहिल्याच घंटीला उचलायला लावलं. दोन दिवस घरात फोन जणू वाजलाच नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंचे धाकटे भाऊ गावाहून पहिल्या बसने आले आणि दारातूनच ओरडले, "बाई! जिती हायेस ना?"

"काहून गा? मले काय झालं?"

"तुह्या घरी फोन लावला का कोणतरी शिट्टी मारते आन् मंग बकऱ्यावानी वरडते! दोन दिवस झाले. मी म्हटलं, घरात काही बरंवाईट..."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मधल्या खोलीत जाऊन गपचूप मोडेमला पुन्हा चौथ्या घंटीवर बसवलं. मामा जेवून गेले, पण जाताना कॉम्प्युटरला लांबूनच हात जोडून गेले.

सोमवार उजाडला. पाचच्या आत कोटेशन पोचायला हवं होतं. त्यातून दुपारी एकला आमच्याकडची लाईट जायची ती चारच्या सुमाराला यायची, कधी त्याहून उशिरा. म्हणजे जे करायचं ते एकच्या आत. मागच्या खोलीतून पहिल्या मशीनवरच्या बाईने विचारलं, "भाभी, पाठवलं का?" मी म्हटलं, "पाठवून राहिली." शुद्ध मराठी घाईत टिकत नाही.

कागदावर जाड पेनाने सही केली आणि निघताना सासूबाईंसमोर उभी राहिले.

"आई, आता थोड्या वेळाने फोन वाजेल. तो वाजत असताना उचलायचा नाही."

"काहून?"

"तो मीच करणार आहे."

"तू करशीन तं उचलू कशी नको? तुले काय सांगायचं ते इथंच सांगून जाय न."

"मी काही बोलणार नाही. माझी सही येणार आहे."

"सही?" त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं. "ते पायानं येते का फोननं?"

"फोननं. तुम्ही फक्त वाजताना उचलू नका. शपथ?"

"बरं बाई. वाजताना नाही उचलत."

बूथ चौकात होता. बूथवाले भाऊ पेपर वाचत होते. मी कागद पुढे केला आणि नंबर सांगितला. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवला.

"वहिनी, हा तं तुमच्याच घरचा नंबर."

"हो."

"घरी कोण हाये?"

"सासूबाई."

त्यांनी कागद उलटसुलट केला. त्यावर सहीशिवाय काही नव्हतं. "त्याईले सही पाठवून राहिल्या तुम्ही?"

"हो."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "भांडण झालं का?"

मी म्हटलं, "लावा हो भाऊ." त्यांनी लावला. त्यांच्या मशीनचा छोटा कर्णा उघडा होता, सगळं ऐकू येत होतं. पलीकडे घंटी वाजली. बूथवरचं मशीन टूं करून थांबलं. म्हणजे, मी फॅक्स आहे, कुणी माझ्या जातीचं आहे का तिकडे? दुसरी घंटी. टूं. तिसरी. मी डोळे मिटून पलंगाशेजारचा तो हिरवा फोन आणि त्याच्याकडे बघत बसलेल्या सासूबाई डोळ्यांसमोर आणल्या. चौथी घंटी झाली आणि पलीकडून मोडेमची लांब शीळ आली. मी हुश्श केलं.

आणि त्या शिळेवर स्वच्छ, खणखणीत आवाजात,

"हॅलो! कोण?"

बूथवाल्या भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

"हॅलो! अवं, तूच ना?"

फॅक्सची रीत अशी असते की दोघं आधी आपापली ऐपत सांगतात. मी इतक्या वेगाने बोलू शकतो, तू इतक्या वेगाने ऐकू शकतोस का? मग बोलणारा थोडं नुसतंच बडबडून पाहतो. ऐकणाऱ्याला ते नीट कळलं तर ठीक, नाहीतर तो म्हणतो, नाही समजलं, जरा हळू. मग बोलणारा एक पायरी खाली येतो. त्या दिवशी आमची मोडेम बिचारी कान देऊन ऐकत होती आणि तिच्या कानातच सासूबाई "कोण?" म्हणत होत्या. तिने नाही समजलं म्हटलं. मशीन एक पायरी उतरलं. तिने पुन्हा नाही म्हटलं. मशीन आणखी उतरलं.

"लाईन खराब हाये तिकडची," भाऊ म्हणाले. "स्पीड उतरूनच राहिली."

लाईन खणखणीत होती. नको तितकी.

शेवटी अगदी बैलगाडीच्या चालीने पान सुरू झालं. कर्णा बंद झाला, कागद मशीनमध्ये सरकत गेला, आणि पावती बाहेर आली. पाठवलं, ठीक. मी धावत घरी आले.

पडद्यावर माझी सही होती. पण बरोबर मधोमध एक आडवी चीर होती. वरची अर्धी सही डावीकडे, खालची अर्धी जरा उजवीकडे सरकलेली, आणि दोघींच्या मधून एक काळा फराटा आरपार गेलेला, जणू कुणी ती कात्रीने कापून आंधळ्याकडून जोडून घेतली होती.

"आई! तुम्ही शपथ घेतली होती!"

"मंग? वाजताना उचलला का मी?" सासूबाई तितक्याच चिडल्या. "वाजत होता तवा हात मांडीखाली दाबून बसली. वाजणं थांबलं तवा उचलला. म्हटलं, पोरगी थकून गेली का काय, पाहावं."

त्यांनी शब्द पाळला होता.

"मग ठेवायचा तरी होता लगेच."

"कसा ठेवू? तिकडून कोणतरी चिरचिर बोलतच होतं. मी मधात विचारलं, ठेवू का? काही बोललं नाही. कोणाच्या तोंडावर कसा ठेवू, सांग."

तो काळा फराटा म्हणजे ते "ठेवू का?" होतं. ठिपके मोजणाऱ्या मोडेमने सासूबाईंचा प्रश्नही मोजला होता आणि माझ्या सहीत प्रामाणिकपणे भरून टाकला होता.

पुन्हा बूथवर जायला वेळ नव्हता. लाईट जायला थोडाच अवकाश होता. मागची खोली एकदम शांत झाली होती, तिघी दाराशी येऊन उभ्या होत्या. मी चिरलेली सही कापली, टाइप केलेल्या कोटेशनखाली चिकटवली, छाप म्हटलं, फॅक्स निवडला, कळमेश्वरचा नंबर दिला. आणि सासूबाईंना पलंगावरून उठवून माझ्याशेजारी खुर्चीवर आणून बसवलं, म्हणजे त्यांचे हात माझ्या नजरेसमोर राहतील.

दुकानदाराच्या माणसाने मोडेमचा आवाज शेवटपर्यंत चालू राहील असं करून ठेवलं होतं, मॅडमला काम चालल्याचं कळावं म्हणून. टूं झालं. शीळ झाली. चिरचिर सुरू झाली. सासूबाई मन लावून ऐकत होत्या.

"हे सोयरिकीसारखं हाये," त्या म्हणाल्या. "पयले हा दारात उभा राहून खाकरते. मंग ते म्हणते, या, बसा. मंग दोघं आपापलं सांगतेत, आमच्याकडे इतकं, तुमच्याकडे किती. जमलं का मंग बोलणी."

पान गेल्याचं पडद्यावर दिसलं आणि मी तार काढायला हात पुढे केला. फोन लवकर मोकळा करावा, बिल वाढू नये, अशी तेव्हा माझी अक्कल. सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"थांब वं. ठेवू का, ते नाही झालं अजून."

आणि खरंच, आमच्या मोडेमने एक लहानसं चिरकून विचारलं, पलीकडून तसंच उत्तर आलं, मग एक शेवटचं चिरकणं, आणि शांत. संपलं, मिळालं का? मिळालं. बरं, ठेवते. नंतर सॉफ्टवेअरचं पुस्तक शब्दकोश घेऊन वाचलं तेव्हा कळलं की अगदी असंच असतं, आणि ते उत्तर येण्याआधी तार ओढणाऱ्याला आपला कागद पोचला की नाही ते कधीच कळत नाही. तेव्हा मात्र मी फक्त मनगट सोडवून घेतलं.

कोटेशन गेलं. आता वाट. मंगळवार गेला, बुधवार गेला. तिघी बाया रोज यायच्या, उरलेल्या टोप्यांना काजं करायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. मी कॉम्प्युटर दिवसभर चालू ठेवायचे आणि त्याच्यावर उशीचा अभ्रा पांघरायचे, धूळ नको म्हणून. त्याला श्वास घ्यायला जागा लागते, असं यांनी सांगितलं तेव्हा मला समजलं.

गुरुवारी दुपारी लाईट नव्हती. आमच्या मशिनींना लाईट लागत नव्हती, त्या चालल्या होत्या. टेलिफोनलाही लागत नव्हती. लागत होती फक्त मोडेमला. आणि नेमका तेव्हा फोन वाजला. मी मागे होते, चार मशिनींच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. पुढचं मी नंतर जोडून घेतलं.

सासूबाईंनी उचलला. टूं. त्यांना लगेच ओळख पटली. "अरे," त्या म्हणाल्या, "ते आत्ता झोपलं हाये. लाईट गेली. चारनंतर कर." टूं. "चारनंतर म्हटलं न. ठेवू का?" काही वेळाने तो कटला. पुन्हा वाजला. पुन्हा टूं, पुन्हा तेच सांगणं. मशीनचं तसंच असतं, उत्तर मिळालं नाही की ते थांबून पुन्हा लावतं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मात्र माणूस होता, आणि चिडलेला.

याच वेळी मी काजाचा दोरा न्यायला पुढच्या खोलीत आले आणि सासूबाईंची अर्धी बाजू ऐकली.

"मॅडम शिवून राहिल्या. मी त्याईची सासू... हाव, तुमचंच टूं टूं घंटाभरापासून ऐकून राहिली मी... नाही, खराब नाही झालं, लाईट नाही... तुमच्याकडे हाये का लाईट? हाये? मंग तुमचं बरं हाये."

मी हातवारे करत रिसीव्हर मागितला. त्यांनी मला हाताने थोपवलं.

"आजच पाठवायची म्हणता? नाही तं दुसऱ्या पार्टीले? काहून बापा? काय पाठवून राहिले ते तं सांगा... ऑर्डर? कोणाची?... आमची?" त्या माझ्याकडे वळल्या आणि रिसीव्हर न झाकताच म्हणाल्या, "ऑर्डर आपलीच हाये म्हणे वं!"

मागे चारही मशिनी थांबल्या. म्हणजे तीन, चौथीवर मी नव्हतेच.

"मंग झालं न, साहेब," सासूबाई फोनला म्हणाल्या. "तोंडानं सांगितलं ते पोचलं. कागद चार वाजता पाठवा, लाईट आली का. पोचलं का माह्यं?... हाव. ठेवू का?"

पलीकडून काय आलं मला ऐकू आलं नाही, पण त्या "बरं, ठेवते मंग" म्हणाल्या आणि क्षणभर कान लावून राहिल्या. त्या साहेबाने "ठेवा" म्हटलं असणार. त्याच्याशिवाय त्यांनी ठेवला नसता, आणि साहेब अजून तारेवरच असते.

लाईट सव्वाचारला आली. कॉम्प्युटर जागा होईपर्यंत माझा जीव टांगणीला. फोन वाजला. सासूबाई पलंगावर हात पदराखाली गुंडाळून, चेहरा भिंतीकडे करून बसल्या होत्या. चौथी घंटी. शीळ. वाजणं थांबलं तरी त्या हलल्या नाहीत. पान ओळी ओळीने उतरलं. अ‍ॅप्रन, टोप्या, वर्षभराचे. पहिल्या मशीनवरच्या बाईने पडद्याला हात लावून पाहिला, गरम होता. "छापून काढा न, भाभी," ती म्हणाली. तिला ती ऑर्डर कागदावर बघायची होती, आणि आमच्याकडे छापायचा प्रिंटर नव्हता. तिघींनी मग ती पडद्यावरच आळीपाळीने पाहिली.

पानाच्या तळाशी साहेबांनी हाताने एक ओळ लिहिली होती. मालाच्या प्रत्येक चलानावरची सही कोटेशनवरच्या सहीशी तंतोतंत जुळली पाहिजे, नाहीतर माल गेटवरून परत.

माझी खरी सही सरळ, गुळगुळीत, न तुटणारी. कोटेशनवरची मधून चिरलेली, फराट्यासकट. साहेबांना दुसरी सही नव्याने पाठवली असती तर त्यांनी विचारलं असतं की पहिली कुणाची होती, आणि मी काय सांगणार होते, की तिच्यात माझ्या सासूबाई बोलल्या आहेत? त्या रविवारी मी कापडाच्या गठ्ठ्यांचे रद्दी कागद घेऊन बसले आणि चिरलेली सही शिकले. आधी वरचा अर्धा भाग, मग पेन उचलायचं, एक आडवा फराटा, मग खालचा अर्धा, जरा उजवीकडे सरकवून. हे बाजूला बसून बघत होते. म्हणाले, "कोर्स केला म्हणून इतकं कठीण जमून राहिलं तुले."

कारखान्याच्या पैशांसाठी बँकेत खातं उघडलं तेव्हा मला वाटलं, दोन सह्या सांभाळत कुठे बसायचं. तिथेही चिरलेलीच दिली. मोडेम गेली, कॉम्प्युटर गेला, साहेब निवृत्त झाले, सासूबाई गेल्या. मशिनी मी पुढे त्या तिघींनाच देऊन टाकल्या, त्यातली एक अजून चालते. सही तीच राहिली.

मागच्या महिन्यात बँकेतल्या मुलीने माझा कागद परत केला. "आजी, सही जुळत नाहीये. तुमच्या रेकॉर्डला मध्ये एक रेघ आहे. ही तर सरळ आलीय."

"मले आज घाई होती," मी म्हटलं. बोलण्यातलं 'मला' कधीच सुटलं आहे. "दे इकडे."

पुन्हा केली. वरचा भाग काढला, पेन उचललं, मनात "हॅलो, ठेवू का?" म्हटलं आणि फराटा ओढला. तेवढं म्हटल्याशिवाय तो नीट येत नाही. मुलीने ताडून पाहिलं आणि म्हणाली, "आता जुळली."